पावती कोणाची, हमी किती: गावातल्या ठेवीदाराने पहिली ठेव ठेवण्याआधी आणि बँक अडचणीत आल्यावर काय करावं

विदर्भातल्या गावात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. कापसाचा चुकारा आला, सोयाबीन-तूर विकली, भंडारा-गोंदियाकडे धान विकलं, की एकदम हातात येतो आणि पुढचं वर्ष त्यावर काढायचं असतं. काही घरांत आयुष्यात एकदाच मोठी रक्कम येते: समृद्धी महामार्गात किंवा कोळसा खाणीत गेलेल्या वावराचा मोबदला, निवृत्तीचे पैसे, घरातला कर्ता माणूस गेल्यावर मिळालेला विमा. अशी रक्कम आल्याची बातमी गावात लपत नाही. आठ दिवसांच्या आत ओळखीचाच कुणीतरी दारात येतो आणि "आपल्या संस्थेत ठेवा, व्याज जास्त देतो" म्हणतो.

ज्यांच्यावर घरातला पैसा सांभाळायची जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. व्याजदर विचारण्याआधी, पैसे ज्या संस्थेत ठेवायचे ती संस्था कोण आहे आणि ती बुडाली तर भरपाई कोण देतं, हे विचारायला शिका. बाकीच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: पाटी वाचा

तालुक्याच्या बाजारपेठेत एकाच रांगेत चार-पाच पाट्या दिसतात. काचेचे दरवाजे, काउंटर, पासबुक छापायचं मशीन, सगळीकडे सारखंच. कायद्याच्या नजरेत मात्र त्या वेगवेगळ्या संस्था आहेत.

राष्ट्रीयीकृत आणि खाजगी बँका, महाराष्ट्र ग्रामीण बँक (विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून तिच्यातच विलीन झाली), जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि नागरी सहकारी बँका यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. या बँकांतल्या ठेवींना विमा असतो. हा विमा देणारी संस्था म्हणजे ठेव विमा आणि पतहमी महामंडळ, जिला सगळे डीआयसीजीसी म्हणतात. ती पूर्णपणे रिझर्व्ह बँकेच्या मालकीची आहे. १९६० साली लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, ठेवीदारांत घबराट पसरली, आणि त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून आपल्या देशात ठेव विमा सुरू झाला. विम्याचा हप्ता बँक भरते, शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला कमाल १२ पैसे. ठेवीदाराकडून तो वसूल करता येत नाही. विम्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागत नाही; परवानाधारक बँकेत खातं उघडलं की तुम्ही आपोआप त्यात येता.

पतसंस्था, मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी) सोसायटी, निधी कंपनी (सभासदांकडूनच ठेवी घेणारी कंपनी) आणि गावातली सेवा सहकारी सोसायटी यांतल्या ठेवींना हा विमा नाही. एका रुपयालाही नाही. राज्यातल्या पतसंस्थांवर सहकार खात्याचे निबंधक देखरेख ठेवतात, मल्टिस्टेटवर दिल्लीतले केंद्रीय निबंधक. त्यांच्या ठेवींवर रिझर्व्ह बँकेचं लक्ष नसतं. काही सहकारी संस्था नावात "बँक" शब्द लावतात आणि सभासद नसलेल्यांकडूनही ठेवी घेतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता. पाटीवर "अर्बन" लिहिलं आहे म्हणून ती नागरी बँक ठरत नाही. पाटीची शेवटची ओळ वाचा. "सहकारी पतसंस्था मर्यादित" किंवा "मल्टिस्टेट को-ऑप. क्रेडिट सोसायटी" असं लिहिलेलं असेल तर ती बँक नाही.

पोस्ट ऑफिस या सगळ्यांहून वेगळं आहे. पोस्टाच्या बचत योजनांमागे थेट केंद्र सरकार उभं असतं, त्यामुळे बँकेच्या ठेव विम्याला जी पाच लाखांची मर्यादा आहे (ती पुढे सांगतो), तिचा तिथे प्रश्नच येत नाही. त्याच इमारतीत चालणारी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक मात्र रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची बँक आहे आणि तिला बँकांचेच नियम लागू होतात. दोन्हींची पासबुकं वेगळी असतात, ती एक समजू नका.

दुसरी पायरी: यादीत नाव बघा

मॅनेजरने "हो, आमचा विमा आहे" म्हटलं तरी तेवढ्यावर थांबू नका. विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर असते. बँकांनी शाखेत डीआयसीजीसीचं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड लावायचा असतो. तो मोबाइलने स्कॅन करा, संकेतस्थळावरची यादी उघडा आणि बँकेचं पूर्ण नाव, गावाच्या नावासकट, जुळवून बघा. घरात स्मार्टफोन नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीला किंवा सेतू केंद्रावरच्या मुलाला पाच मिनिटं मागा. शाखेत असा फलक दिसला नाही तर तो का नाही, हे काउंटरवर मोठ्याने विचारा. रांगेतल्या बाकीच्यांनाही ते ऐकू जाऊ द्या.

तिसरी पायरी: पाच लाखांचा हिशेब

इथे थोडा वेळ द्या, कारण लोकांची सगळ्यात जास्त गफलत याच जागी होते.

४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा ५ लाख रुपये आहे. त्याआधी, १९९३ पासून, ती एक लाख होती. हे पाच लाख एका ठेवीदाराला एका बँकेत मिळतात. त्याच बँकेच्या वर्धा, पुलगाव आणि आर्वी अशा तीन शाखांत तुमची तीन खाती असतील तर तिन्हींची बेरीज धरली जाते. बचत खातं, चालू खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव हे सगळं एकत्र मोजतात. वेगवेगळ्या पावत्या केल्या म्हणून वेगवेगळा विमा मिळत नाही.

दुसरं, पाच लाखांत व्याजही धरतात. समजा तुम्ही ४ लाख ८० हजारांची ठेव सात टक्क्यांनी ठेवली. वर्षभरानंतर साधं व्याज धरलं तरी खात्यावर ५ लाख १३ हजार ६०० होतात. त्या दिवशी बँक बंद पडली तर विम्याचे ५ लाख मिळतील आणि वरचे १३ हजार ६०० अडकतील. म्हणून काठोकाठ भरू नका. पाच वर्षांची पुनर्गुंतवणूक ठेव (जिचं व्याज मुद्दलातच मिळत जातं) ठेवायची असेल तर सात टक्क्यांनी साडेतीन लाखांचेच शेवटी जवळजवळ ४ लाख ९५ हजार होतात. या हिशेबाने मुद्दल ठरवा.

तिसरी गोष्ट कामाची आहे. विमा माणसागणिक मिळतो, त्यामुळे नवऱ्याच्या एकट्याच्या नावाचं खातं, बायकोच्या एकटीच्या नावाचं खातं आणि दोघांचं संयुक्त खातं ही तीन वेगळी खाती धरली जातात आणि प्रत्येकाला पाच लाखांचं संरक्षण असतं. अल्पवयीन मुलाच्या नावाने पालक म्हणून चालवलेलं खातंही वेगळं मोजतात. समजा घरात १८ लाखांचा मोबदला आला. तो एका बँकेत एकाच नावावर ठेवला तर १३ लाख उघडे राहतात. तोच दोन बँकांत, नवरा-बायकोच्या स्वतंत्र नावांवर, प्रत्येक ठेव साडेचार लाखांची करून ठेवला आणि दरवर्षी व्याज काढून घेतलं तर सगळाच्या सगळा विम्यात बसतो. शिवाय बाईच्या नावावर पैसा राहतो, ही गोष्ट मला त्या हिशेबाइतकीच महत्त्वाची वाटते.

एक अट लक्षात ठेवा. त्याच बँकेचं कर्ज तुमच्या अंगावर असेल तर विम्याची रक्कम ठरवताना ते ठेवीतून वजा होतं.

पतसंस्थेत ठेवायचंच असेल तर

बँक सात टक्के देते आणि पतसंस्था अकरा टक्के म्हणते, तेव्हा दहा लाखांवर वर्षाला चाळीस हजारांचा फरक पडतो. गावात चाळीस हजार म्हणजे पोराच्या वसतिगृहाचा वर्षाचा खर्च. हा मोह खरा आहे आणि त्याला कुणी मूर्खपणा म्हणू नये. चांगल्या पतसंस्था आहेत, त्यांनी टपरीवाल्यांना आणि भाजीवाल्या बायकांना कर्जं दिली आहेत, जी कुठल्याही बँकेने दिली नसती. पण ते चार टक्के जास्त मिळतात कारण धोका तुमच्या अंगावर असतो. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, तेही असेच जास्त व्याजाच्या आशेने आलेले होते.

तेव्हा नियम असा करा की मुलीचं लग्न, दवाखाना, पुढच्या हंगामाचं बियाणं-खत यासाठी लागणारा पैसा पतसंस्थेत जाणार नाही. जो अडकला तरी चूल पेटत राहील तेवढाच तिथे ठेवा. ठेवण्याआधी वार्षिक अहवाल मागा. सभासद असाल तर तो मिळणं तुमचा हक्क आहे. अहवालात लेखापरीक्षणाचा वर्ग बघा, अ (सगळ्यात चांगला), ब, क की ड. नंतर थकीत कर्ज किती टक्के आहे ते बघा, आणि कर्जांची मोठी रक्कम संचालकांच्याच नातेवाइकांकडे गेली आहे का, हे गावात विचारा. हे शेवटचं अहवालात सापडत नाही, पण गावात ठाऊक असतं.

पतसंस्था आपल्या ठेवी कुठे ठेवते, हेही विचारा. अनेक संस्था आपला पैसा एखाद्या सहकारी बँकेत ठेवतात. ती बँक बुडाली तर पतसंस्थेलाही एकच ठेवीदार म्हणून पाचच लाख मिळतात, मग तिथे तिचे पाच कोटी असोत. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक बुडाल्यावर संस्थात्मक ठेवीदारांच्या पाच लाखांवरच्या रकमेपैकी ८० टक्के रक्कम भागभांडवलात (शेअरमध्ये) बदलली गेली. ठेव पतसंस्थेची होती, पण झळ तिच्या सभासदांपर्यंत पोचली.

कागद आणि पिग्मी

दैनिक ठेव, म्हणजे पिग्मी, ही आपल्याकडच्या छोट्या दुकानदाराची खरी बचत. एजंट रोज येतो, पन्नास-शंभर रुपये नेतो. तो गावातलाच असतो, त्यामुळे पावती मागायला संकोच वाटतो. तो संकोच सोडा. मशीनची छापील पावती रोज घ्या, मशीन नसेल तर कार्डावर तारीख आणि सही घ्या, आणि महिन्यातून एकदा स्वतः शाखेत जाऊन तुमच्या खात्यावर तेवढीच रक्कम जमा दिसते का ते तपासा. एजंटच्या वहीत आहे आणि शाखेच्या संगणकात नाही, अशा पैशासाठी नंतर विमाही मागता येत नाही, कारण विमा बँकेच्या दप्तरातल्या ठेवीला असतो.

खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडा. एजंटचा किंवा भाच्याचा नको. मुदत ठेवीची मूळ पावती घरात ठेवा आणि तिचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव, शिक्का, सही, व्याजदर आणि मुदत संपण्याची तारीख आहे का, हे काउंटरवरच वाचा. कुणी एजंट बँकेत बसून "यात जास्त मिळेल" म्हणत दुसराच फॉर्म पुढे करत असेल तर तो विम्याची पॉलिसी किंवा म्युच्युअल फंड असू शकतो. त्याला ठेव विमा लागू नाही.

वारस नोंदवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. ज्याचं नाव लावलं तो पैसा स्वीकारणारा असतो. मालकी वारसा कायद्याने ठरते, म्हणून घरात आधीच बोलून घ्या. आणि दहा वर्षं हात न लावलेला पैसा रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण निधीत जातो. तो बुडत नाही, वारसाला परत मागता येतो, आणि कुठल्या बँकेत असा पैसा पडला आहे ते "उद्गम" पोर्टलवर शोधता येतं. आजोबांच्या ट्रंकेतली जुनी पासबुकं एकदा काढून बघा.

बँक आजारी पडते आहे हे कसं कळतं

रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेला दंड केला म्हणून ती बुडत नाही. असे दंड मोठ्या बँकांनाही होतात. काळजी करायची ती पैसे काढायला गेल्यावर "उद्या या, कॅश आली नाही" हे वारंवार ऐकू येऊ लागलं तर. वार्षिक सभा पुढे ढकलली जाणं, दोन वर्षं सलग तोटा, निव्वळ थकीत कर्ज सहा टक्क्यांच्या वर जाणं, एकाच घराण्याला किंवा एकाच धंद्याला मोठी कर्जं, आणि आजूबाजूच्या बँकांपेक्षा अचानक खूप जास्त व्याज, हीही तशीच लक्षणं. व्हॉट्सॲपवरच्या अफवेवर ठेव मोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर प्रत्येक आदेशाची प्रेस नोट असते, तीच खरी.

आपल्या भागाने हे सगळं पाहिलं आहे. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत सरकारी रोख्यांचा घोटाळा झाला. परवान्यासाठी लागणारं भांडवल नसल्याने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँका अडचणीत होत्या, आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या अशा २३ बँकांसाठी मदत मंजूर केली तेव्हा महाराष्ट्रातल्या याच तीन त्यात होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ठेवीदारांना ५ हजारांपेक्षा जास्त काढता येईना. त्याच महिन्यात मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर १० हजारांची मर्यादा आली. यवतमाळच्या बँकेचा परवाना नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द झाला, मलकापूरच्या बँकेचा जुलै २०२३ मध्ये.

निर्बंध लागले तर, पहिल्या दिवसापासून

पूर्वी ठेवीदाराला वर्षानुवर्षं थांबावं लागे, कारण विम्याचे पैसे बँक पूर्ण बंद झाल्यावरच मिळत. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द व्हायला २०२२ उजाडलं. १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या कायदा-दुरुस्तीने हे बदललं. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळते. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी आणि दावे डीआयसीजीसीला द्यायचे, पुढच्या ४५ दिवसांत डीआयसीजीसीने तपासून पैसे द्यायचे. बँकेचं विलीनीकरण होत असेल तर ही मुदत आणखी ९० दिवस वाढू शकते.

पण हे पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. तुम्हाला शाखेत जाऊन संमतीपत्र (विम्याचे पैसे हवे आहेत असं लिहून देणारा फॉर्म) भरून द्यावं लागतं. सोबत आधार, पॅन आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील लागतो. म्हणून दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं आजच असायला हवं. नावाचं स्पेलिंग आधारवर आणि पासबुकावर वेगळं असेल तर तेही आधीच दुरुस्त करा. यातच बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचे दावे रखडतात. संमतीपत्राची पोच घ्या.

त्याच आठवड्यात दुसरं काम करा. पीएम-किसानचा हप्ता, सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) विकलेल्या कापसाचा चुकारा, निराधार योजनेचं मानधन, हे सगळं आधारशी जोडलेल्या खात्यात पडतं. ते खातं निर्बंध असलेल्या बँकेत असेल तर नवा पैसाही तिथेच जाऊन अडकेल. दुसऱ्या बँकेत जाऊन आधार तिकडे जोडून घ्या.

कर्जाचा हप्ता थांबवू नका. बँक बंद झाली म्हणून कर्ज माफ होत नाही. बहुतेक आदेशांत ठेवीतून कर्ज वळतं करायची परवानगी असते, त्याबद्दल लेखी अर्ज करून विचारा.

या काळात गावात दलाल फिरतात आणि "पाच लाखांची पावती द्या, तीन लाख रोख घ्या" म्हणतात. पावती विकू नका. विम्याच्या दाव्याला फी नाही, दलाल लागत नाही, आणि डीआयसीजीसीकडून कुणीही फोनवर ओटीपी मागत नाही.

पाच लाखांवरची रक्कम बँकेची कर्जवसुली आणि मालमत्ता विक्री यांतून, अवसायकामार्फत (बंद बँकेचा कारभार मिटवायला नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत), जमेल तेव्हा आणि जमेल तेवढी मिळते. त्या वसुलीवर पहिला हक्क डीआयसीजीसीचा असतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली तर परिस्थिती बरी असते: मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत गेली. असं प्रत्येक वेळी होईल हे गृहीत धरू नका.

पतसंस्थेने पैसे दिले नाहीत तर

आधी मुदत संपल्याचा लेखी अर्ज शाखेत द्या आणि पोच घ्या. तोंडी मागणीला पुढे कुठेच किंमत राहत नाही. मग तालुक्याचे सहायक निबंधक आणि जिल्हा उपनिबंधक यांच्याकडे त्या पोचेसह तक्रार करा. मल्टिस्टेट असेल तर केंद्रीय निबंधक आणि सहकार लोकपाल यांच्याकडे. फसवणूक दिसत असेल तर पोलिसांत जा. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त करून तिच्यातून ठेवी परत देता येतात. मोठी प्रकरणं जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात. एकटे जाऊ नका. गावातल्या ठेवीदारांची एक यादी करा, नाव, पावती क्रमांक, रक्कम, मुदतीची तारीख, आणि मिळून एकाच दिवशी तक्रार द्या.

परवाना नसताना कुणी ठेवी गोळा करत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर कळवता येतं. बँकेबद्दलच्या तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर आहे. त्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली आणि तीस दिवस वाट पाहिलेली असावी लागते, म्हणून तक्रारीच्या तारखेची पोच जपून ठेवा.